चिबी का लपला, हे आधी शाळेला विचारा

शाळा उघडायचे दिवस आले की चित्रपुस्तकांची एक ठरलेली लाट येते आणि त्यातल्या बहुतेक पुस्तकांचं म्हणणं एकच असतं, घाबरू नकोस राजा, शाळेत खूप मज्जा असते. कुठल्यातरी प्राण्याचं पिल्लू असतं, त्याला शाळेत जायचं नसतं, आई काहीतरी युक्ती काढते, पिल्लू जातं, दुपारपर्यंत त्याला एक मित्र मिळतो आणि शेवटच्या पानावर ते उड्या मारत घरी येतं. अमेरिकेत 1993 ला आलेलं 'द किसिंग हँड' घ्या, त्यात रॅकूनची आई पिल्लाच्या तळहातावर पापी देते आणि सांगते की आठवण आली की हा हात गालाला लाव. गोड आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही, गेटवर भोकाड पसरलेल्या चार वर्षांच्या जिवाला असलं काहीतरी लागतंच.

पण ही पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली ना, की एक गोष्ट खटकायला लागते. प्रत्येकात दुरुस्ती करायची असते ती मुलाची. भीती त्याची, समजूत त्याची घालायची, बदलायचं त्याने, आणि शाळा मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तशीच्या तशी, रंगीत, हसरी, भिंतीवर फुलपाखरं चिकटवलेली. शाळेचं काही चुकतंय का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. चार वर्षांच्या मुलाला नाही विचारता येत हे ठीक आहे, पण पुस्तक वाचून दाखवणारा तर मोठा असतो ना?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की या सीझनला कपाटातून एखादंच पुस्तक काढायचं असेल तर ते तारो याशिमाचं 'क्रो बॉय' काढावं, आणि ते मुलांच्याही आधी टीचर्स रूममध्ये आणि पालकांच्या मीटिंगमध्ये वाचावं. पुस्तक जुनं आहे, 1955 चं, न्यूयॉर्कच्या वायकिंग प्रेसने काढलेलं, पुढच्या वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मानाचा कॅल्डेकॉट ऑनर मिळाला, आणि तेव्हापासून ते अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांच्या 'शाळा' आणि 'दयाळूपणा' अशा कप्प्यांमध्ये जाऊन बसलंय. तिथे बसलंय हाच प्रॉब्लेम आहे, पण त्याकडे नंतर येतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. जपानमधल्या एका खेड्यातली शाळा, पहिला दिवस, आणि एक मुलगा गायब. शोधाशोध होते तर तो शाळेच्या लाकडी जमिनीखालच्या अंधाऱ्या पोकळीत लपलेला सापडतो. चणीने बारका म्हणून सगळे त्याला चिबी म्हणायला लागतात. तो टीचरला घाबरतो म्हणून शिकत नाही, मुलांना घाबरतो म्हणून त्याला मित्र नाहीत, रांगेत शेवटचा, वर्गात शेवटचा. मुलं त्याला मठ्ठ म्हणतात, ढिम्म म्हणतात, आणि फक्त वर्गातलीच नाही, वरच्या वर्गातली आणि खालच्या वर्गातली पोरंसुद्धा म्हणतात. तरी हा रोज येतो, मुळ्याच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा डब्याला, पाऊस असेल तर वाळलेल्या गवताचं इरलं अंगावर, पाय ओढत ओढत पण येतो. अशी पाच वर्षं जातात. सहावीत नवीन टीचर येतात, इसोबे सर, ते त्याच्याकडे बघतात, त्याच्याशी बोलतात, आणि वर्षाच्या शेवटी टॅलेंट शोमध्ये चिबी स्टेजवर उभा राहून कावळ्यांचे आवाज काढून दाखवतो, एक नाही, वेगवेगळे, नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांचा, आईचा, बापाचा, भल्या पहाटेचा, गावात काही वाईट झालं की कावळे कसे ओरडतात तो, खुशीत असले की कसे ओरडतात तो. मग सर सांगतात की हे आवाज हा कुठे शिकला, तर रोज पहाटे घरून निघायचं आणि सूर्य मावळताना घरी पोचायचं, अशी सहा वर्षं डोंगरातून चालत. सगळे रडतात.

बस, एवढीच गोष्ट. आता तिच्यातल्या एकेका गोष्टीकडे नीट बघा, म्हणजे हे पुस्तक बाकीच्यांपेक्षा किती वेगळ्या जागी उभं आहे ते कळेल.

पहिली गोष्ट म्हणजे गोष्ट सांगतंय कोण. चिबी सांगत नाहीये, लेखक वरून सांगत नाहीये, सांगतोय तो वर्ग. 'आम्ही', 'आमची शाळा', 'आमच्यापैकी कुणीच त्याला ओळखत नव्हतं'. म्हणजे ज्यांनी त्या मुलाला सहा वर्षं एकटं टाकलं तीच मुलं मोठी होऊन आता ते सांगतायत. शाळेतल्या छळावरची आजची पुस्तकं काढून बघा, बरीचशी छळ सोसणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली असतात, वाचणारं प्रत्येक मूल मग साहजिकच स्वतःला त्या बिचाऱ्याच्या जागी ठेवतं आणि वाईट वागणारे म्हणजे कुणीतरी दुसरेच, असं होऊन जातं. इथे तशी सोय नाही. पहिल्या वाक्यापासून वाचणारा 'आम्ही' मध्ये सामील असतो, आणि शेवटी रडताना पण त्याच 'आम्ही' मध्ये असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण ते बरोबर पोचतं असा माझा अनुभव आहे, कारण वाचताना मध्येच मुलं जरा गप्प होतात आणि कुणीतरी आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव घेतं.

दुसरी गोष्ट ती पाच वर्षं. पुस्तकात ती एका वाक्यात जातात. दिवसामागून दिवस गेले आणि पाच वर्षं झाली, पान उलटा, सहावी. मला वाटतं अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात भयंकर वाक्य हे आहे, आणि ते किती साध्या सुरात येतं. पाच वर्षांत या मुलाला कुणीतरी शिकवत असेलच की, हजेरी घेत असेल, वही तपासत असेल. पहिल्या दिवशीच्या त्या टीचरचा नुसता उल्लेख आहे, ज्याला चिबी घाबरायचा, बाकी त्या काळातल्या एकाही शिक्षकाचं नाव पुस्तकात नाही. नाव आहे फक्त इसोबे सरांचं. याशिमाने कुणावर राग काढला नाही, दुष्ट मास्तर वगैरे रंगवला नाही, छडी दाखवली नाही. ते शिक्षक वाईट होते असंही तो म्हणत नाही. नुसतं सांगतो की पाच वर्षं गेली. खऱ्या शाळेत हे असंच होतं, कुणी राक्षस नसतो, फक्त कुणी बघत नसतं.

आणि त्या पाच वर्षांत चिबी काय करत होता? हे मला सगळ्यात जास्त आवडतं. तो डोळे तिरळे करायला शिकला, म्हणजे जे बघायचं नाही ते दिसतच नाही. हे वाचून मोठ्या माणसांना हसू येतं, मुलांना येत नाही, त्यांना ते एकदम पटतं. मग तो तासन्‌तास छत बघायचा. डेस्कच्या लाकडावरच्या रेघा बघायचा. पुढच्या मुलाच्या खांद्यावर ठिगळ होतं, त्याचा अभ्यास करायचा. खिडकी तर वर्षभर काहीना काही दाखवायचीच, पावसात तर जास्तच. मैदानात डोळे मिटून बसायचा आणि लांबचे जवळचे आवाज वेगवेगळे करून ऐकायचा. बाकीची मुलं हात लावणार नाहीत असे किडे, अळ्या हातावर घेऊन बघत बसायचा.

आता ही यादी परत वाचा आणि सांगा, यात शिकणं नाही असं एक तरी काम आहे का? निरीक्षण आहे, ऐकणं आहे, आवाजातला फरक ओळखणं आहे, धीर आहे. विज्ञानाच्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात हेच तर लिहिलेलं असतं, निरीक्षण करा, नोंद ठेवा. पण शाळेच्या लेखी हा मुलगा टाइमपास करत होता, कारण तो जे बघत होता ते फळ्यावर नव्हतं. याशिमा हे शब्दांत कुठेही समजावून सांगत नाही, चित्रांत दाखवतो. सुरुवातीच्या पानांवर चिबी एवढासा आणि भोवती मोकळी जागाच जागा, म्हणजे बाकीच्यांपासूनचं अंतर तुम्हाला मोजूनच दिसतं, पण त्याच पुस्तकात त्याला जे दिसतं ते मात्र डोळ्यांजवळ धरल्यासारखं. चित्रांच्या रेघा जरा ओबडधोबड, भराभर ओढलेल्या, रंगीत पेन्सिलचे फराटे दिसतात, आजच्या गुळगुळीत डिजिटल चित्रांची सवय असलेल्या मुलाला पहिल्यांदा ते विचित्र वाटतं आणि मग त्याचीच नजर बसते.

याशिमाला हे सगळं इतकं नेमकं का दिसलं याचं थोडं उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. त्याचं खरं नाव अत्सुशी इवामात्सु, जन्म 1908 चा, जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाकडे कागोशिमातल्या नेजिमे गावातला, वडील गावातले डॉक्टर. म्हणजे चिबीच्या वर्गातल्या 'आम्ही' मधलाच हा एक, चिबीसारखा डोंगरापलीकडून येणाऱ्या कोळसा पाडणाऱ्यांच्या घरचा नव्हे. पुढे टोकियोच्या आर्ट अकादमीत गेला, तिथून त्याला काढलं, 1930 च्या दशकात लष्करशाहीच्या विरोधात चित्रं काढली म्हणून तो आणि त्याची बायको, तीही चित्रकार, दोघं तुरुंगात गेले. 1939 ला दोघं अमेरिकेला गेले, लहान मुलाला जपानमध्ये मागे ठेवून. युद्धात त्याने अमेरिकेसाठी काम केलं आणि मागे राहिलेल्या मुलाला त्रास होऊ नये म्हणून तारो याशिमा हे नाव घेतलं, ते कायमचंच चिकटलं. (तो मुलगा म्हणजे पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला नट माको, हे जाता जाता.) ज्या माणसाने एका अख्ख्या देशाला एका रांगेत, एका तालात चालताना बघितलं आणि त्याची किंमत मोजली, त्याने रांगेतल्या शेवटच्या मुलावर पुस्तक लिहावं यात मला नवल वाटत नाही. आणि हेही बघा की युद्ध संपून जेमतेम दहा वर्षं झालीयत आणि हा माणूस अमेरिकन पोरांच्या हातात जपानच्या एका खेड्यातला वर्ग ठेवतोय, इंग्लिशमध्ये, ज्या पोरांच्या बापांनी त्याच जपानशी लढाई केलीय. त्याच्या स्वतःच्या देशात ते जपानीत यायला 1979 उजाडलं.

आता इसोबे सर. यांच्याबद्दल लोक भारावून बोलतात, एक शिक्षक आयुष्य बदलू शकतो वगैरे, आणि मला त्या बोलण्याचा थोडा कंटाळा आहे. कारण त्यांनी नेमकं काय केलं हे कुणी बघत नाही. पुस्तकात लिहिलंय ते असं. ते वर्गाला शाळेमागच्या टेकडीवर न्यायचे. तिथे त्यांना कळलं की रानद्राक्षं कुठे लागतात आणि रानातले कंद कुठे मिळतात हे चिबीला सगळं माहितीय, त्यांना आनंद झाला. वर्गाच्या बागेतल्या फुलांबद्दल त्याला किती कळतं हे बघून ते थक्क झाले. त्याची काळी-पांढरी चित्रं त्यांना आवडली, त्यांनी ती भिंतीवर लावली. त्याचं अक्षर त्याच्याशिवाय कुणालाच वाचता यायचं नाही, तेही त्यांनी भिंतीवर लावलं. आणि आजूबाजूला कुणी नसताना ते त्याच्याशी बोलत बसायचे.

ते अक्षराचं वाक्य परत वाचा. कुणालाही वाचता न येणारं अक्षर. सुधारलं नाही, दहा वेळा गिरवून आण म्हणाले नाहीत, लाल पेनाने गोल केला नाही, जसं होतं तसं भिंतीवर. कुठल्याही शाळेच्या इन्स्पेक्शनला हे चालणार नाही. भिंतीवर काय लागतं आणि कुणाचं लागतं यावरून शाळा काय मानते ते कळतं, आणि बहुतेक शाळांच्या भिंतीवर आधीच छान असलेल्या गोष्टी लागतात, छान अक्षर, छान रांगोळी, आईने करून दिलेला प्रोजेक्ट. सरांनी भिंतीचा नियमच मोडला.

आणि ते कुणी नसताना बोलणं. माझ्या मते या पुस्तकाचा मध्य तिथे आहे, स्टेजवर नाही. कारण चिबी स्टेजवर जे करतो ते तिथूनच आलंय. कुणीतरी विचारलं असेल ना, तू कुठून येतोस, वाटेत काय दिसतं, कावळे कसे ओरडतात. असले प्रश्न सगळ्या वर्गासमोर विचारले असते तर तो परत डोळे तिरळे करून बसला असता. सरांना हे कळत होतं, म्हणून एकट्यात. वर्गासमोर कौतुक करून लाजऱ्या मुलाला पुढे आणायची आपल्याला फार हौस असते, उभा राहा, टाळ्या वाजवा रे त्याच्यासाठी, आणि ते मूल तिथल्या तिथे मेल्यासारखं होतं.

आता टॅलेंट शो. इथे माझं पुस्तकाशी भांडण आहे आणि ते मी लपवणार नाही. लायब्ररीवाले, शिक्षक, समुपदेशक सगळे या पुस्तकाचं सार एका ओळीत सांगतात, प्रत्येकात काहीतरी टॅलेंट दडलेलं असतं. ही ओळ ऐकली की माझं डोकं फिरतं. म्हणजे ज्याच्यात नसेल त्याचं काय? समजा चिबीला कावळ्यांचे आवाज काढता आले नसते, समजा तो नुसताच घाबरट, बारका, लांबून चालत येणारा मुलगा असता, तर मग पाच वर्षांचं एकटेपण बरोबर होतं का? अमेरिकेतल्या गोष्टीतला तो लाल नाकाचा रेनडिअर रूडॉल्फ, 1939 मध्ये एका दुकानाच्या कंपनीने जाहिरातीसाठी बनवलेला, त्याचंही हेच. सगळे नाकाला हसतात, मग एका धुक्याच्या रात्री सांताच्या गाडीला वाट दाखवायला ते चमकणारं नाक कामाला येतं, मग सगळे प्रेम करायला लागतात. उपयोगी पडलास, ये, आत ये. हा व्यवहार झाला, याला दया म्हणत नाहीत.

'क्रो बॉय' वर हा आरोप होऊ शकतो आणि थोडा खराही आहे. टॅलेंट शो नसता तर वर्ग रडला नसता. पण बारकाईने वाचलं तर याशिमा यातून बऱ्यापैकी सुटतो असं मला वाटतं. एक तर वर्ग आवाज ऐकून टाळ्या पिटत नाही. आवाज ऐकताना त्यांच्या डोळ्यांपुढे डोंगरापलीकडची ती लांबची, एकाकी जागा उभी राहते जिथे चिबी आणि त्याचं घर आहे. त्यांना टॅलेंट दिसत नाही, अंतर दिसतं. आणि रडू येतं ते सरांनी पहाट आणि सूर्यास्त सांगितल्यावर, आपण याच्याशी इतकी वर्षं किती चुकीचे वागलो याचं. कावळ्याची नक्कल भारी झाली म्हणून कुणी रडत नाही. फरक आहे. पण मोठी माणसं 'हो हो, छान केलं हं पोराने' म्हणत डोळे पुसतात, आणि त्यांच्याबद्दल मात्र मला संशय आहे. एवढी वर्षं ती पण त्याच गावात राहत होती.

मग ग्रॅज्युएशनचा दिवस. सहा वर्षं एकही दिवस न चुकवता आलेला वर्गातला एकमेव मुलगा म्हणून चिबीचा सत्कार होतो. यावर पण लोक खूश होतात, बघा चिकाटी. मला हा प्रसंग कडू वाटतो. सहा वर्षांत शाळेला या मुलाबद्दल मोजता आलेली एकच गोष्ट म्हणजे तो आला की नाही. 1907 नंतर जपानमध्ये प्राथमिक शिक्षण सहा वर्षं सक्तीचं झालं, आणि सक्ती झाली की हजेरी हेच यश होऊन बसतं, मूल आत बसलंय ना, झालं तर मग. आत बसून ते छत बघत असेल तरी पटावर ते हजरच.

आणि हा काही शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न नाही. चिबी रोज यायचा, आजचा जपानी चिबी येत नाही, एवढाच फरक. तिथे आजारपण किंवा पैशाची अडचण सोडून इतर कारणाने वर्षात 30 किंवा जास्त दिवस शाळेत न येणाऱ्या मुलांची सरकार वेगळी नोंद ठेवतं, आणि 2023 च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि माध्यमिक धरून हा आकडा 3 लाख 46 हजारांच्या वर गेला. बराच काळ याला मुलाचा स्वभाव, आईचे लाड असंच कारण लावलं जायचं. 1992 ला कुठे तिथल्या शिक्षण मंत्रालयाने मान्य केलं की हे कुठल्याही मुलाच्या बाबतीत होऊ शकतं, आणि डिसेंबर 2016 ला कायदा झाला ज्यात अशा मुलांना विश्रांतीची गरज असते आणि शाळेबाहेरचं शिक्षणही महत्त्वाचं असतं हे लिहिलं गेलं. म्हणजे चिबीचं काय चुकलं इथून शाळेचं काय चुकलं इथपर्यंत यायला एका देशाला इतकी दशकं लागली, आणि एका चित्रपुस्तकाने ते 1955 लाच सांगून ठेवलं होतं.

शाळा उघडण्याच्या दिवसांबद्दल तर जपानचा एक आकडा वाचून झोप उडते. 2015 ला सरकारने 1972 ते 2013 पर्यंतची नोंद तपासली तेव्हा दिसलं की 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आत्महत्या वर्षभरात सगळ्यात जास्त 1 सप्टेंबरला झाल्या होत्या, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू होते तेव्हा. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी कामाकुरा शहराच्या लायब्ररीने ट्विटरवर लिहिलं की ज्या मुलांना शाळा सुरू होणं जिवावर आलंय त्यांनी शाळा बुडवून लायब्ररीत यावं, इथे मांगा कॉमिक्स आहेत, हलक्याफुलक्या कादंबऱ्या आहेत, दिवसभर बसलात तरी कुणी काही बोलणार नाही. जगभर गाजलं ते. सरकारी लायब्ररीने शाळा बुडवा म्हणावं का यावर वादही झाला म्हणे, होणारच. पण मला त्यात इसोबे सरच दिसतात. कुणी काही बोलणार नाही, या एका वाक्याची किंमत ज्या मुलाला लागते त्यालाच कळते. शाळेत खूप मज्जा असते, हे ऐकून त्या मुलाला काय वाटत असेल याचा एकदा विचार करून बघा. त्याला वाटत असेल, सगळ्यांना मज्जा येते, मला येत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय.

लोक म्हणतात, एवढ्या लहान मुलांना आधीच भीती वाटत असते, त्यात कशाला हे दुःखी पुस्तक वाचायचं. मला हे पटत नाही. जमिनीखाली लपावंसं वाटणं मुलांना पुस्तकातून कळत नाही, ते त्यांना आधीच माहिती असतं. ते पुस्तकात छापलेलं दिसलं की उलट सुटल्यासारखं होतं, अरे म्हणजे हे दुसऱ्या कुणाला पण झालं होतं. घाबरतात ते मोठे, कारण पुस्तक वाचून झालं की मूल विचारणार, मग आधीच्या शिक्षकांनी पाच वर्षं का नाही बघितलं, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं. हां, चार वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी हे देऊ नका, त्याच्यासाठी रॅकूनच बरा.

शिक्षकांचं म्हणणं वेगळं असतं आणि त्यात तथ्य आहे. वर्गात चाळीस पोरं, सिलॅबस, परीक्षा, वरून ऑनलाइन भरायचे फॉर्म, एकेकाशी एकट्यात बोलायला वेळ आणायचा कुठून? खरंय. इसोबे सरांसारखा एक देवमाणूस येईल आणि सगळं ठीक करेल या आशेवर शाळा चालवता येत नाही, आणि हे पुस्तक तसं वाचलं तर ते शिक्षकांवर अन्यायच करतं. पण मग प्रश्न शाळा चालवणाऱ्यांना विचारायचा, की टेकडीवर जायला, भिंतीवर काहीही लावायला, एका मुलाशी दहा मिनिटं बोलायला तुमच्या टाइमटेबलात जागा कुठे आहे? सरांनी जे केलं त्याला पैसे लागले नाहीत, पण मोकळीक लागली. ती त्यांना होती किंवा त्यांनी घेतली, पुस्तक सांगत नाही. आज कुणी ती घेतली तर प्रिन्सिपल काय म्हणेल हे आपल्याला माहितीय.

माझ्या भाचीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने सगळं ऐकून शेवटी एकच विचारलं, त्याचं खरं नाव काय होतं? मी पानं चाळली. नाहीये. शेवटी सगळे त्याला चिबी म्हणायचं सोडून क्रो बॉय म्हणायला लागतात, गावात कोळसा विकायला आला की हाक मारतात, आणि तो हसून मान हलवतो, जणू त्याला ते नाव आवडलंय. जणू. वर्गाला अजूनही नक्की माहिती नाही, त्यांनी विचारलेलं नाही. आधीच्या नावापेक्षा हे नाव मानाचं आहे हे कबूल, पण ठेवलंय ते पण त्यांनीच. हे याशिमाने मुद्दाम केलं की नाही माहीत नाही, मला मुद्दाम केलंय असं मानायला आवडतं, कारण त्यामुळे वर्ग एकदम सुधारला, सगळे चांगले झाले असं होत नाही, थोडेसे सुधारतात, खऱ्या वर्गासारखे.

म्हणून शाळांना सांगणं एवढंच, हे पुस्तक वाचणार असाल तर पहिल्या आठवड्यात नका वाचू. पहिल्या आठवड्यात सगळेच नवीन असतात, सगळेच थोडे थोडे चिबी असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाचा, तोवर डब्याच्या वेळी कोण एकटं बसतं, ग्रुप पाडताना कोण उरतं, कुणाला कुठलं नाव पडलंय हे वर्गाने ठरवून टाकलेलं असतं आणि शिक्षक सोडून सगळ्यांना ते माहिती असतं. वाचून झाल्यावर या गोष्टीतून काय शिकलात हा प्रश्न विचारू नका, पुस्तक मिटा, आणि मुलं काही बोलली तर ऐका. आणि त्या मुलाला त्या दिवशी वर्गासमोर उभं करू नका, प्लीज. मधल्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नसताना, शाळेत येताना वाटेत काय काय लागतं ते विचारा.